डाव्या हाताचं मशीन

जळगावच्या पिंप्राळा भागात कुणाचं लग्न ठरलं, की मांडववाल्याच्याही आधी प्रमिलाबाई आणि मंजुळाबाईंना सांगावा जायचा. दोघी मिळून पाचशे पानांचा स्वयंपाक बघायच्या. फोडणी, मीठ, तिखट हे प्रमिलाबाईंचं खातं. मंजुळाबाईंच्या दंडात ताकद होती, म्हणून भरताची वांगी घोटणं, पुरण वाटणं, बट्टीची कणीक मळणं हे त्यांच्याकडे. चौदा वर्षं दोघींनी एकाच चुलाणासमोर घाम गाळला. शेवटी शेवटी बोलायचीही गरज उरली नव्हती. एकीने मागे न बघता हात पसरला, की दुसरी त्यात झारा ठेवायची.

१९८६च्या वैशाखात पहूरचं एक लग्न उरकून दोघी सकाळच्या वेळी भांड्यांच्या टेम्पोतून परत निघाल्या. नेरीच्या अलीकडे टेम्पो उलटला. मोठं पितळी पातेलं मंजुळाबाईंच्या अंगावर आलं आणि त्या जागीच गेल्या. प्रमिलाबाई बाहेर फेकल्या गेल्या. त्यांचा उजवा हात टेम्पोच्या फळीत अडकून ओढला गेला. हाड मोडलं नव्हतं, पण धुळ्याला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की खांद्यातल्या नसा मुळापासून तुटल्यात. हात राहील, पण कामाचा राहणार नाही. त्याला काही कळणारही नाही.

प्रमिलाबाई तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या. घरी आल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. शेजारणी येत, मंजुळाबाईंचं नाव काढून रडत आणि यांच्याकडे बघत. एका म्हातारीने तर त्यांची हनुवटी धरून म्हटलं, "रडी ले वं माय, मोकळी व्हई जाशी."

"येत नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. त्यांना रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, झोप आली काय न आली काय सारखंच. मंजुळाबाईंचे यजमान तोताराम दशक्रियेनंतर दोन्ही मुलांना घेऊन पारोळ्याला आपल्या भावाकडे राहायला गेले. जाताना ते दारात उभे राहिले होते. त्यांना काही ऐकायचं असावं. प्रमिलाबाईंनी त्यांना पाणी दिलं, एवढंच.

यजमान निंबाभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सकाळी ते पिठलं-भात करून ठेवत आणि जात. हळूहळू प्रमिलाबाई डाव्या हाताने वेणी घालायला, बादली उचलायला, भाकरी थापायलाही शिकल्या. भाकरी वाकडी व्हायची, पण व्हायची. अडायचं ते घुसळण्याशी आणि घोटण्याशी. एका हाताने घोटायला गेलं की भांडं पळायचं.

श्रावणातल्या एका रविवारी धुळ्याहून धाकटे दीर अभिमन आले. आग्रा रोडच्या एका गल्लीत त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर असो की पिठाच्या गिरणीची, जळालेली तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. ते स्वयंपाकघरात शिरले तेव्हा वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. ताकाचं भांडं दोन्ही पायांच्या तळव्यांत धरलेलं, डाव्या हातात रवी, आणि निम्मं ताक फरशीवर. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता.

अभिमन जेवले, दुपारच्या एस.टी.ने गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा पिशवीतून त्यांनी एक अवजड वस्तू काढली. शिलाई मशीनची जुनी मोटर त्यांनी नव्याने भरली होती, पी.व्ही.सी. पाइपच्या तुकड्यात बसवली होती आणि बाजूला लाकडी मूठ लावली होती. पुढच्या टोकाला ड्रिल मशीनचा जबडा. त्यात रवी बसायची, नाहीतर चटणीचं पातं.

"धरून बघा वहिनी."

प्रमिलाबाईंनी डाव्या हातात धरलं. बटण कुठे आहे ते शोधायला त्यांना मूठ पोटाशी टेकवावी लागली.

"बटण उजव्या अंगठ्याला आहे," त्या म्हणाल्या.

अभिमननी कपाळावर हात मारला. "सवयीनं झालं. ते बदलतो. पण बघा, ताकाला रवी, ठेच्याला पातं. ही चावी जबड्यात घालायची, एका हातानं मशीन धरायचं आणि दुसऱ्या..."

त्यांची नजर वहिनींच्या उजव्या हातावर गेली.

"मग हे तुम्हाला उपयोगी पडेल," प्रमिलाबाई म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. त्यात टोमणा नव्हता, वाईट वाटणंही नव्हतं. अभिमनना ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या खेपेला बटण डावीकडे आलं आणि जबड्याच्या जागी आटे आले. रवी बाटलीच्या झाकणासारखी पिळून बसवायची. तीही एका हाताने पिळली जाईना, कारण मशीनच सोबत फिरायचं. प्रमिलाबाईंनी ते गुडघ्यात धरून पाहिलं, दाराच्या फटीत धरून पाहिलं. शेवटी ओट्यावर ठेवून दिलं आणि कांदे निवडायला बसल्या. अभिमन स्टुलावर बसून पायाला पाय घासत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला बल्ब गेला. पावसाळी दिवस, दुपारीही आत अंधार. प्रमिलाबाई उठल्या. अभिमनना बाजूला केलं, स्टुलावर चढल्या, जुना बल्ब दाबून फिरवून काढला, खिडकीत ठेवला आणि नवा बसवला. सगळं डाव्या हाताने. खाली उतरून परत कांद्यांकडे वळल्या.

अभिमन बघतच राहिले. "वहिनी, बल्ब कसा काय बसला एका हातानं?"

"होल्डर वर पक्का आहे ना. तो कुठे पळतो?"

"हं."

"तुम्ही मला मशीन धरायला लावता आणि रवीही धरायला लावता. रवी उभी करून ठेवा कुठेतरी, पक्की. मी मशीन वरून आणते, दाबते, फिरवते."

त्यांनी हे वर न बघता सांगितलं. अभिमनचा चहा तसाच गार झाला. ते कागद मागू लागले. घरात कागद नव्हता, तेव्हा कॅलेंडरचं मागचं पान फाडून त्यांनी त्यावर ठोकळा काढला. ठोकळ्याला चौकोनी भोकं, भोकांत उभी रवी, उभं पातं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बल्बसारख्या दोन खिळ्या.

बल्बच्या होल्डरचा पत्रा इतका जोर सोसणार नव्हता. धुळ्यात ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यांनी मशीनच्या तोंडाला बसवायला खाचा असलेल्या पितळेच्या जाड कड्या कातून घेतल्या. सागाचा ठोकळा केला आणि तो ओट्याला स्क्रूने पक्का बसवला. मशीन रवीवर आणायचं, दाबायचं, पाव वळसा द्यायचा, टक्. उचललं की रवी मशीनसोबत वर. काम झालं की परत भोकात, दाबून उलटा वळसा, आणि मशीन मोकळं.

पहिल्या दिवशी बटण दाबल्याबरोबर रवी सुटून भिंतीवर आदळली आणि ताक छपरापर्यंत उडालं. मोटर ज्या दिशेला फिरत होती, खिळ्या त्याच दिशेला उघडत होत्या. अभिमन हसू लागले. निंबाभाऊही हसले. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसत होतं. प्रमिलाबाईंनी फडकं घेतलं आणि भिंत पुसली.

"उलटं कातायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

खाचा उलट्या झाल्या, मग मात्र रवी सुटली नाही. मोटर जितका जोर लावी तितकी ती घट्ट बसे. प्रमिलाबाई रोज ताक करू लागल्या, ठेचा करू लागल्या. पण एका दुपारी निंबाभाऊ घरी आले तर घरभर विचित्र वास. मशीन चालूच होतं. त्याचं वजन पेलावं म्हणून प्रमिलाबाईंनी ते आपल्या उजव्या हातावर, कोपराखाली टेकवलं होतं. मोटर तापून पाइप मऊ झाला होता, आणि खालच्या कातडीवर रुपयाएवढे तीन फोड आले होते. एक फुटलाही होता.

"अगं, हात बघ!" निंबाभाऊंनी मशीन ओढून घेतलं.

प्रमिलाबाईंनी बघितलं. कुणाच्या तरी हातावरचं बघावं तसं बघितलं. "ठेचा झालाच होता," त्या म्हणाल्या.

अभिमनना कळलं तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून आले. मशीन पिशवीत भरू लागले. "हे मी मोडून टाकतो वहिनी. माझ्या हातनं तुम्हाला इजा नको."

"दुखलं नाही."

"तेच तर!" अभिमनचा आवाज चढला. "दुखलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला कशानंच काही होत नाही. मंजुळाबाई गेल्या, तुम्ही... आम्हाला भीती वाटते हो."

प्रमिलाबाईंनी पिशवीचा एक बंद धरला. "हवा जायला भोकं ठेवा. आणि घोटायचं काहीतरी बसवा. वांगी अजून होत नाहीत."

घोटण्याचं काम सगळ्यांत अवघड निघालं. वांगं जोरात फिरवलं की त्याचं पाणी होतं. त्याला सावकाश, दाबत घोटावं लागतं. अभिमननी भंगारातून जुना टेबलफॅन आणला. त्याची मान इकडून तिकडे फिरवणारी जी दातेरी चक्रं असतात ती काढून मोटर आणि लाकडी घोटणी यांच्यामध्ये बसवली. चार वेळा मापं बदलली. दर वेळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर वांगी भाजायची, घोटायची, आणि प्रमिलाबाईंनी चव बघून सांगायचं. त्या बोटाने चाखत आणि म्हणत, "चिकट झालं," "दाणा राहिला," "ही मंजुळाच्या हातच्यासारखी झाली." हे शेवटचं वाक्य त्यांनी माघ महिन्यात उच्चारलं. अभिमननी त्यांच्याकडे बघितलं. त्या भांडं विसळत होत्या.

धुळ्याचे रिखबचंद शेठ यांचं भांड्यांचं आणि विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. त्यांनी अभिमनकडे ते यंत्र पाहिलं आणि ते चालताना बघायला मुद्दाम जळगावला आले. प्रमिलाबाईंनी त्यांना रवी, पातं, घोटणी बदलून दाखवलं. शेठना फार आवडलं.

"पण बाई, हा ठोकळा काढून टाकला तर? आटे ठेवू. खोका लहान होईल, वस्तू स्वस्त पडेल."

"ज्यांना दोन हात आहेत त्यांना ठोकळा कशाला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"नाही."

"मग नाव सांगा. तुमच्याच स्वयंपाकघरातून निघालंय, नाव तुम्ही ठेवा."

"मंजुळा," त्यांच्या तोंडून गेलं.

शेठ खूश झाले. "आवाज तर गिरणीसारखा करतं, पण नाव गोड आहे."

अभिमननी गल्लीतली मागची खोली घेऊन दोन कारागीर ठेवले. १९८८च्या दिवाळीत निळ्या खोक्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मंजुळा' लिहिलेली यंत्रं दुकानांत लागली. एक खोका अभिमननी पेढ्यांसोबत वहिनींच्या पुढे ठेवला. त्यांनी अक्षरांवरून डावं बोट फिरवलं. काहीतरी व्हायला हवं होतं असं त्यांना वाटलं. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि मग खोका फळीवर ठेवून दिला.

पुढच्या वर्षी तोताराम अचानक दारात आले. केस पांढरे झाले होते. पारोळ्याच्या बाजारात एका दुकानात त्यांनी तो खोका पाहिला होता.

"नाव कुणी ठेवलं?"

"मी."

तोताराम खाली बसले. बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोरीचं लग्न आहे फाल्गुनात. तुम्ही आलात तर बरं. स्वयंपाकाला. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही."

"येते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या एस.टी.ने गेल्या, ओट्यावरून सोडवलेला ठोकळा आणि मशीन पिशवीत घेऊन. मांडवात विजेचा दाब कमी, मोटर कण्हत फिरत होती. एक पातेलं वांगी त्यांनी स्वतः घोटली, उरलेली तिथल्या बायकांनी हाताने. प्रमिलाबाई फिरत राहिल्या, मीठ सांगत राहिल्या, बट्ट्या तळायला कधी टाकायच्या ते सांगत राहिल्या. एकदा त्यांनी झाऱ्यासाठी मागे हात पसरला. कुणी काही दिलं नाही. त्या वळल्या, स्वतः झारा घेतला आणि कामाला लागल्या. पंगती उठल्या. भाजी उरली नाही. नवरी पाया पडायला आली, तेव्हा तिचे दंड बघून प्रमिलाबाई क्षणभर थबकल्या. मग डोक्यावर डावा हात ठेवला. "सुखी राहा," एवढंच त्यांना सुचलं.

'मंजुळा' पाच-सहा वर्षं चालली. बायका रवी आणि पातं वापरत, घोटणी खोक्यातच पडून राही. पुढे मोठ्या कंपन्यांचे हलके, पांढरेशुभ्र ब्लेंडर आले आणि रिखबचंद शेठनी माल घेणं थांबवलं. अभिमन परत विहिरीच्या मोटारी भरू लागले. त्यांना खंत होती, पण ती ते बोलून दाखवत आणि हसण्यावारी नेत.

वहिनींचं यंत्र मात्र ते दर दोन वर्षांनी नव्याने भरून देत. १९९६च्या उन्हाळ्यात असंच ते देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. हे यंत्र झालं तेव्हा तुम्हाला कधी बरं वाटलं का?"

प्रमिलाबाईंनी विचार केला. त्यांनी खरोखर मागे जाऊन शोधलं.

"बरं वाटलं की नाही ते नाही सांगता येत, भाऊ. तेव्हाचं काहीच आठवत नाही मला. पण ताक रोज झालं."

अभिमननी मान हलवली आणि पिशवी उचलली.

"जेवून जा," त्या म्हणाल्या, "ऊन उतरल्यावर निघा."