जिन्यावरचे सभापती

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीतले सभापती घरात भाजी कोणती करायची हेही मतदानाने ठरवत. मतदार दोनच. काकू हात वर न करताच दुधी चिरायला घेत, आणि सभापती "ठराव एकमताने मंजूर" म्हणून निमूट जेवत.

मोहने गावच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मशीन आणि युनियन दोन्ही चालवली. निवृत्तीनंतर सोसायटीचे चेअरमन झाले. समाजवाद आणायचा, पण मतपेटीतूनच, हा त्यांचा हट्ट. मी एम.एस्सी. होऊन बेकार, आणि तरीही खुल्या बाजाराचा कट्टर भक्त. त्यांना याची भारी गंमत वाटे.

"अरे, बाजार तुला विचारत नाही आणि तू त्याची वकिली करतोस!"

"काका, निदान तो दुधीवर मतदान तरी घेत नाही," मी म्हणे.

मग मी आमच्या तळमजल्याच्या घरात दहावीच्या गणिताचा क्लास काढायचं ठरवलं. घर आईच्या शिवणावर कसंबसं चालत होतं, त्यामुळे क्लास चालायलाच हवा होता. पण चपलांचा ढीग आणि गोंगाट नको म्हणून अर्धी सोसायटी विरोधात गेली. सभेत मतं समसमान पडली आणि निर्णय चेअरमनवर आला. क्लास म्हणजे शिक्षणाचं दुकान, असं हा माणूस रोज म्हणायचा.

सभापती उठले. "दुकान मला पसंत नाही. पण त्याने स्वतःच्या घरात काय करावं, हे ठरवणारा मी कोण? माझं मत त्याला."

मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "थांब. उद्यापासून निषेध सुरू!"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभापती गळ्यात 'शिक्षणाचा बाजार बंद करा' असा पुठ्ठा अडकवून जिन्यात बसले. चहा माझी आईच नेऊन देई. पण नुसतं बसणं त्यांना जमेना. ते माझ्याच पोरांना भूमिती समजावू लागले. फुकट, आणि माझ्यापेक्षा छान! आठवड्याभरात माझी अर्धी पोरं जिन्यावर. मग या बाजारभक्ताने काय करावं? सोसायटीकडे अर्ज केला: जिन्यात शिकवण्यास बंदी घालावी.

सभापतींनी तो भर सभेत खणखणीत वाचला. "काय रे, स्पर्धा नको झाली तुला?" सगळे खो खो हसले. माझे कान लाल झाले, अर्ज तिथेच मागे घेतला. मग आमचा तह ठरला: बीजगणित आत, भूमिती जिन्यावर. क्लास धो धो चालला. मी मानधन देऊ केलं, तर म्हणाले, "घेतलं तर तुझा कामगार होईन, आणि पहिला संप तुझ्याकडेच करीन."

पुढे काकू गेल्या. मुलीने सभापतींना घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर नेलं. निघताना आम्ही दोघं उगाचच फार विनोद करत होतो. महिन्याने फोन आला. "इथे सगळे लिफ्टने जातात रे. वाद घालायला कुणी मिळत नाही." एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला रडू फुटलं.

रविवारी मी अख्खी बॅच बसमध्ये कोंबली आणि त्या ट्रॅफिकमधून त्यांच्या गेटवर पोचलो. वॉचमनने वही पुढे केली.

"सर, 'कशासाठी'च्या खाली काय लिहू?" एका पोरीने विचारलं.

"लिही, भांडायला."

सगळ्यांनी एकाखाली एक तेच लिहिलं. वॉचमनने घाबरून वर फोन लावला. पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं: "सोडा, सोडा सगळ्यांना! आणि लिफ्ट नको, जिन्याने पाठवा, मी उतरतोच आहे!"