आजची पिशवी

रत्नागिरीत तेव्हा सोनोग्राफीचं मशीन नवं होतं. त्याच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी माझ्या यकृतातल्या गळवात बारीक नळी घातली आणि पू बाहेरच्या पिशवीत जमू लागला. ती पिशवी रोज मोजायला यायचा तो वॉर्डातला मामा, मांडवी बंदरावरचा. भरलेली पिशवी तो मोठी सुरमई गावल्यासारखी उंच धरून सगळ्यांना दाखवायचा. मी बरा होऊ लागलो तसा तो खट्टू झाला.

"काय वो मास्तर, आज वाटीभर पन नाय?"

मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची पिशवी मात्र पंधरवडा उलटला तरी रोज काठोकाठ भरायची. ती मामा टॉवेलाखाली झाकून न्यायचा आणि दारात बसलेल्या त्या माणसाच्या बायकोला सांगायचा, "आज कमी हाय हां, वयनी."