दवाखान्याच्या टाकीचा दसरा

माझ्या सासूबाई केवळाबाई, आमी त्यांना आत्या म्हणतो, सोनपेठात एका डॉक्टरांकडं अकरा वर्षं झाडलोट करतात. दवाखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तळाला वाळू, वर समुद्रातले दगड आणि चार मासे.

मागच्या वर्षी घटस्थापनेआधी आत्यांनी घरासारखाच दवाखान्याचाही दसरा काढला, म्हंजे सगळं धुवायला घेतलं. पडदे, खुर्च्या धुऊन झाल्यावर टाकीकडं वळल्या. मासे आणि खारं पाणी बादल्यांत काढलं, दगडांवरचा जांभळा थर काथ्यानं खरवडला, वाळू बोअरच्या पाण्यानं नितळ होईस्तोवर धुतली आणि सगळं परत टाकीत भरलं. टाकी लय देखणी दिसायली, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी चारही मासे मेले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "केवळाबाई, त्या दगडांत, वाळूत जीव होता. तोच पाणी चांगलं ठेवायचा."

अकरा वर्षांत हे एकदा सांगायला या माणसाची जीभ झिजली असती का?

यंदा दसरा काढताना दारातला म्हसोबाचा दगड मी धुवायला घेतला. आत्यांनी माझा हात धरला.

"राहू दे, दिपाली. ह्यात जीव आसला तर?"