ओढायची ती शाल

बाळांनो, तुम्हाला नानाखेड्याच्या बसस्टँडवरून घरी आणणारा रिक्षावाला आठवतो ना? चढावर तो आणि त्याची रिक्षा एकाच सुरात खोकत. खोकला थांबला, की तो लगेच विडी पेटवायचा.

एकदा मी रागावले, "भैया, ये बीड़ी ओढ़ना बंद करो!"

तो पोट धरून हसला. "माँ साब, बीड़ी तो पीते हैं. ओढ़ते तो शॉल हैं!"

माझे इंग्रजी चोख आहे, पण हिंदीत मराठी अशी डोकावते. तेव्हापासून टॉवर चौकात मी दिसले, की तो विडी दाखवून मुद्दाम विचारायचा, "माँ साब, एक ओढ़ लूँ?"

या थंडीत तो महिनाभर दिसलाच नाही. मला त्या खोकल्याचीच धास्ती वाटत होती. परवा सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. तो वाळला होता, अंगावर तपकिरी शाल होती. मी आधी त्याचा खिसा पाहिला. विडीच्या बंडलाऐवजी बडीशेपेची पुडी होती.

"डॉक्टर ने पीना छुड़वा दिया, माँ साब," शालीचे टोक ऐटीत खांद्यावर टाकत तो म्हणाला, "अब सिर्फ ओढ़ता हूँ."

त्या दिवशी चढावर एकटी रिक्षाच खोकली.