मायाक्काच्या बुगड्या

...न्हाय न्हाय, मथे, ‘थोर’ बिर काय लिवू नगंस. खोड ते. थोर कसली, माजी धाकटी जाऊ हुती मायाक्का. मंडळीचं नवं घर उगडायचंय, तितं तिच्याबद्दल कायतरी वाचून दावायचंय, म्हणून आमच्या मंडळीच्या थोरल्या पंचांनी, कुंडलिक आप्पांनी, मला सांगावा धाडला. म्हणं, दगडाबाईपरास तिला जास्त कोण वळखतंय. आता वळखत हुते हे खरंच हाय. एका चुलीवर भाकरी थापल्या दोघींनी. पर तिच्याबद्दल म्या सांगायचं आन् माज्याबद्दल कोण सांगणार, ते काय आप्पा बोललं न्हाईत. असू द्या. लिव.

आमी मूळचं सांगोल्याकडचं, महूदचं. दुष्काळात मेंढरं गेली तवा दोगं भाव, माजं मालक बाळासो आन् तिचा गुंडा, सोलापुरात गिरणीत लागलं. मायाक्का माज्या मागनं लगीन हून घरात आली. आली ती बोलायचीच न्हाय. सासूला तेच ग्वाड वाटलं. राबायला मी, आन् कणगीतलं दाणं काडायची येळ आली की सासू म्हणायची, मायाक्काला सांगा. तिची भाकर चांदावानी गोल, माजी वाकडी. तिची शेळी दोन्ही वक्ताला दूध द्यायची आन् माजी लाथ द्यायची. एकाच बाजारातनं, एकाच धनगराकडनं घेतल्याल्या शेळ्या. हे कशाला लिवायचं म्हणून बगतीस व्हय माज्याकडं? लिव. तिचं सांगायचं तर हेबी तिचंच हाय.

सासू गेली तवा चुली येगळ्या झाल्या, पर खोल्या भिंतीला भिंत लावूनच. तिनं फोडणी दिली की मला ठसका लागायचा.

त्या टायमाला गावाकडनं कोण दवाखान्याला यायचं, कोण कोर्टाला यायचं. सोलापुरात पाठ टेकायला जागा नसायची. स्टेशनाभाईर घोंगडं टाकून पडायचं. म्हणून आमच्या सांगोलकर धनगरांनी मंडळी काढली. पगार झाला की ज्यानं त्यानं जमंल ते टाकायचं आन् आपल्या माणसांना उतरायला एक घर बांदायचं. पैशाला पत्र्याची पेटी आणली. पेटी ठिवायची कुणाकडं? मला वाटलं, मी थोरली, माज्या खोलीचं दारबी धड हाय. तर आप्पा सगळ्यांत म्हणालं, “मायाक्काकडं ठिवा. त्या घरात चोर शिरला तर बिचारा पदरचं कायतरी ठिवून भाईर पडंल.” माणसं हसली आन् किल्ली तिच्या कंबरंला गेली. मला त्या दिवशी भाकर ग्वाड लागली न्हाय.

मंडळीचं एक घोंगडंबी केलं. आमच्यात घोंगडं हातरल्याबिगर बैठक कसली? घराघरानं लोकर दिली, बायांनी कातली, आन् एकच दांडगं घोंगडं इणून घेतलं. ज्याची लोकर त्यात, त्यो मंडळीतला. घोंगड्याबिगर बैठक न्हाय आन् बैठकीबिगर पेटी उगडायची न्हाय, आसं बिरोबाचा भंडारा उचलून, आण घिऊन ठरलं, आन् घोंगडंबी पेटीसंगं मायाक्काकडंच गेलं. म्या महूदवरनं काळीभोर लोकर मागवली हुती, पाण्याचा थेंब आत जायाचा न्हाय असली. ती इणणाऱ्यानं लावली काठाला. आन् मायाक्काची करडी लोकर मदोमद, जितं पंच बसत्यात. म्या कुरकुर केली तर म्हणती कशी, “काठानंच घोंगडं टिकतं, जाऊबाई.” मंग तूच घे की काठ, म्हणलं म्या. ती निस्ती हसली. तिचं ते हसणंच मला लागायचं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मंग एकदा ती भावाकडं करकंबला गेली, भाच्याच्या जावळाला. येताना कानात मोत्याच्या बुगड्या. कानाच्या वरच्या पाळीत अशा बसल्या हुत्या की तिची मान हलली की माजा जीव हलायचा. माज्या भावानं मला दिवाळीला खण दिल्ता, त्येचा रंग पैल्याच धुण्यात गेला.

म्या काय गप बसती व्हय? करकंबची एक माळीण सोलापूरच्या बाजाराला यायची, तिला गाठलं. पुढच्या बाजाराला परत गाठलं. नको तेवढी वांगी घेतली तिच्याकडनं. तवा कळलं. मायाक्काच्या आईच्या सोन्याच्या पुतळ्या हुत्या, त्या मोडून भावानं तितल्या शिवयोगी सोनाराकडनं बुगड्या घडवल्या. मोती आईच्या जुन्या नथीतलं. डाव्या बुगडीतला एक मोती वाईच पिवळा, म्हणून भाव सोनाराशी भांडला बी हुता. समदं मला तोंडपाठ. तेवढा येळ बिरोबाचं नाव घेतलं असतं तर बिरोबा घरी येऊन भेटला असता.

त्याच सुमाराला मानसिंगराव आला. कोट, फेटा, काखंत वर्तमानपत्र. आटपाडीकडचा हाय, आईकडनं धनगर हाय, असं म्हणायचा. आमी इस्वास ठिवला, कारण माणूस उपेगी पडायचा. कुणाचा अर्ज लिवून दे, कुणाला साहेबाकडं घिऊन जा. गिरणीतनं माणसं आली की त्यांना पेपर वाचून दावायचा. हळूहळू पेपर मागं पडला आन् दुसरंच वाचन सुरू झालं. महूदकरांना म्हणायचा, मंडळीतली ती जवळा गावची माणसं तुमच्या जिवावर घर बांदत्यात. जवळेकरांना म्हणायचा, महूदकरांनी पेटी घरातच ठिवलीया. समद्यांना म्हणायचा, एवढ्या मंडळीचा पैसा एका अडाणी बाईच्या कंबरंला, लोक काय म्हणत्याल? पुरुषांना ते झोंबलं. एकाच घोंगड्यावर बसणारी माणसं पान खायाला येगळी बसाय लागली.

त्यानं एकदा शाळेच्या खोलीत खुर्च्या मांडून बैठक बोलावली. मायाक्काला घोंगडं आणायचा निरोप धाडला. तिनं काय घोंगडं न्हेलं न्हाय. “खुर्चीवर कुटं हातरू?” येवढंच म्हणाली. आप्पा म्हणालं, घोंगडं न्हाय तर बैठक न्हाय. झालं, समदी उठून आली. तवा त्येला कळलं की पेटीची वाट घोंगड्यावरनंच जाती, आन् घोंगडं मायाक्काकडं हाय.

मंग त्यो माज्या दारात आला. दुपारची येळ, बाप्ये गिरणीत. उंबऱ्याभाईरच बसला.

“वैनी, किल्ली थोरल्या सुनंची असती. तुमच्यावर अन्याव झाला.”

आता मला सांग मथे, इतकी वर्सं ज्या शब्दाची वाट बगितली त्यो कुणीतरी बोलला. म्या त्येला च्या केला. गूळ जास्त टाकला.

“पुढच्या बैठकीला किल्ली तुमच्या कंबरंला,” म्हणाला. “फकस्त त्या बुगड्यांचं तुमी सगळ्यांत बोला. नवऱ्याचा पगार तेवढाच, मंग मोती आलं कुटनं, एवढंच.”

त्यो गेल्यावर म्या कंबरंच्या दोऱ्याला गाठ मारून बगितली, किल्ली कुटं शोभंल ती.

बैठक भरली. चाळीच्या अंगणात घोंगडं हातरलं, मदी भंडाऱ्याची वाटी. आमी बाया एका अंगाला. मानसिंगरावाची लोकर त्यात नव्हती, म्हणून त्यो काठाला बसला. माज्या काळ्या काठावर, चपला काखंत धरून. तेच मला आदी खटकलं. एवढी जागा पडली असताना माजीच लोकर सापडली.

बोलाय लागला तवा लई ग्वाड बोलला. मंडळीचं भलं, जगाची रीत. आन् मंग म्हणाला, पैसा पेटीत कुजवू नका, मी लिवणारा वाचणारा माणूस हाय, किल्ली माज्याकडं द्या, मी समदा पैसा माज्या सहीनं बँकेत ठिवतो. म्या कान टवकारलं. किल्ली माज्या कंबरंला येणार हुती. ती कोटाच्या खिशात कवा गेली?

“ह्या बाईच्या कानात मोती आलं कुटनं?” त्यानं मायाक्काकडं बोट केलं. “मी न्हाय सांगत. तिच्याच घरातली थोरली जाऊ सांगंल.”

समदी माज्याकडं बगाय लागली. मायाक्कानं कानातल्या बुगड्या काडल्या, घोंगड्यावर ठिवल्या आन् म्हणाली, “पेटीत टाका. घराला हुतील.”

माणसं चुकचुकली. बग, चोरीचा आळ तिच्यावर आन् देवी बी तीच झाली. माज्या अंगाचा नुसता भडका उडाला. म्या उटले.

“उचल त्या, मायाक्का. घाल कानात. इतकं दिस माज्या डोळ्यात सलल्या त्या, अशा फुकट जायाच्या न्हाईत.”

आन् मंग म्या समदं सांगितलं. पुतळ्या, सोनार, आईची नथ, भावाचं भांडण. डाव्या बुगडीत पिवळा मोती हाय, बगा म्हणलं. आप्पांनी बुगडी उचलून उन्हाला धरली. मोती पिवळा. “बाई,” आप्पा म्हणालं, “पोलिसातबी एवढी चौकशी हुत न्हाय.”

मानसिंगराव म्हणाला, “वैनी, ह्या बुगड्यांवरनं तुमीच कुरकुरत हुता.”

“व्हय. माज्या जावंवर जळायचं त्ये मी जळीन. माजं जळण तुला भाड्यानं द्यायला ठिवलं न्हाय. आन् किल्ली माज्या कंबरंला देणार हुतास, त्येचं काय झालं?”

तवा मागनं तानाबाई, आमच्या शेजारची, फणकारली. “तुज्या कंबरंला? मला म्हणला हुता, ‘किल्ली तुज्या कंबरंला.’”

जवळ्याचा रेवणप्पा हुता पुढं बसल्याला. त्यो बसल्या जागी मान खाली घालून म्हणाला, मलाबी खजिनदार करणार हुता. मंग अंगणात असं हसू उसळलं की महूद न् जवळा कोण वळखू येईना. हसणाऱ्या माणसांना फोडायचं कसं?

आप्पा शांतपणानं म्हणालं, “पावणं, बसलायसा ती लोकर दगडाबाईची. तुमची लोकर ह्यात कुटं हाय, तेवढी दावा.”

त्यो उटला, पेपर काखंत मारला आन् चपला न घालताच गेला. परत चाळीत दिसला न्हाय. म्होरं बार्शीकडं असल्याच एका मंडळीची पेटी गेली म्हणून ऐकलं. त्योच का दुसरा कोण, मला ठावं न्हाय. ठावं नसल्यालं लिवू नगंस.

बैठक उटायच्या आत मायाक्का बोलली. एवढ्या सगळ्यांत ती बोलल्याली मी पैल्यांदाच बगितली. म्हणाली, पेटीला दुसरं कुलूप लावा आन् त्येची किल्ली जाऊबाईंकडं द्या. त्या नजर ठिवत्यात तशी कोण ठिवणार न्हाय.

आप्पा म्हणालं, “दोघींचं एकमत हुईल तवाच पेटी उगडायची? मंग पैसा लई सुखरूप हाय.”

खरंच हुता. दर येळंला उगडताना आमी भांडलो. ती म्हणायची जागा गिरणीजवळ घ्या, मी म्हणायची स्टेशनाजवळ. स्टेशनाजवळ घेतली. तितं मी जिंकले, हे ठळक लिव. त्याच जागंवर आज घर हुबं ऱ्हायलंय. ते बगायला ती ऱ्हायली न्हाय. थंडीत ताप आला आन् गेली. जाताना मी उशाला हुते. मला वाटलं, बुगड्या मला देईल. हातबी फुडं केला हुता म्या, पाणी पाजायच्या निमतानं. तिनं बुगड्या सुनंला दिल्या, आन् मला तिची किल्ली दिली. आता दोन्ही किल्ल्या माज्या कंबरंला हायत, आन् भांडायला कोण न्हाय. पेटी कशी फटकन उगडती. मला त्ये बरं वाटत न्हाय.

तवा वाचणाऱ्या, तू कोण असशील त्यो, मायाक्काच्या सुनंला, मथुराबाईला, एवढा निरोप दे. थांबलीस कशाला मथे, तुजंच नाव हाय, लिव. एक किल्ली तिची हाय, येऊन घिऊन जा म्हणावं, आन् भांडायची तयारी ठिवूनच ये. घोंगडं तिच्याकडं हाय, त्ये उन्हात घाल, कसर लागंल. आन् उगडायच्या दिवशी हातरशील तवा माजा काळा काठ दारातनं दिसंल असा हातर, एवढं तिला आठवणीनं सांग.