थोरलीच्या हातचं मलम

माझ्या थोरल्या सवतीचं नाव अतिपोका, मी तिला अक्का म्हणायची. बोल्गा गावच्या बाजारापासनं दोन कोसांवर आमचं घर, एका भिंतीच्या आत आठ पोरं. तिच्या पोटी एकही नाही, पण आठही जणं झोपायची तिच्याच चटईवर.

माझ्या अवूनीच्या नाकाखाली फोड उठले तेव्हा तो तीन वर्षांचा. फोड फुटले की मधासारखी पिवळी खपली धरायची. दवाखान्यातल्या सिस्टरनं मलमाची ट्यूब दिली. म्हणाली, "साबणाच्या पाण्यानं खपली भिजवून काढा. दिवसातनं तीनदा पातळ लावा, सात दिवस. एकट्या याच पोराला."

आता आमच्यात एका पोराच्या हातावर भुईमूग ठेवला तर आठांच्याही ठेवायचा. अक्कानं सगळी पोरं ओळीनं बसवली नि सगळ्यांना मलम फासलं. कुणाला डास चावलेला, कुणाला काहीच नाही! तिसऱ्या दिवशी ट्यूब चपटी. आणि अवूनीचे फोड कानापर्यंत, अंगात ताप.

मी घाबरले होते गं पोरी. बोलून गेले, "तुझं स्वतःचं पोर असतं तर असं मलम वाटत बसली असतीस का?"

तिनं पोराला पाठीशी बांधलं नि उन्हातनं दवाखान्याकडं निघाली. मी मागनं. हाक मारायची हिंमत नव्हती.

सिस्टर ओरडली, "म्हातारे, हे काय सणाचं मटण आहे वाटायला?"

अक्का म्हणाली, "चुकलं माझं. परत सांग, नीट ऐकते."

नवी ट्यूब मिळाली, वर पोटात घ्यायचं औषध. मला वाटलं, आता बाकीची सात भोकाड पसरणार. तर बाईनं काय करावं! पुन्हा आठही ओळीनं बसवली. अवूनीला मलम लावलं, हात साबणानं धुतले, नि बाकीच्यांच्या नाकाखाली घरचंच शियाच्या बियांचं लोणी. सगळी खूश.

पाचव्या दिवशी खपल्या गेल्या. मी म्हटलं, "अक्का, बास की आता."

"सात म्हणजे सात. तू चुलीकडं बघ, धाकटे." इतक्या दिवसांत माझ्याशी बोलली ती एवढंच.

सातव्या दिवशी पोराचं तोंड कसं कोवळं, गुळगुळीत. मी जवळ जाऊन बसले. "अक्का, मी त्या दिवशी जे बोलले..."

"अवूनी, जा," ती म्हणाली, "आईला गाल दाखव."

पोरगं तिच्या मांडीवरनं हललं नाही.

"दाखवलाय की त्यानं," मी म्हटलं, "आईलाच."

तेव्हा कुठं अक्का हसली.