टोप्या नकोत, आधी बाळाचं दूध

मैत्रिणींनो, आज सकाळी साताऱ्याला भावाकडे गेले होते. रविवारी भाचीच्या बाळाचं बारसं आहे.

भाचीला दूध कमी येतं, म्हणून डॉक्टरांनी डब्यातली पावडर द्यायला सांगितली आहे. माझ्यासमोर तिने बाटली केली, पण पावडर निम्मीच घातली. विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "आत्या, डबा पुरवायला नको का? बाबांकडं सारखं किती मागू?"

बाळाने ते पाणचट दूध संपवलं आणि रिकामी बाटली चोखतच राहिलं.

वहिनी व्याह्यांसाठी टॉवेल-टोप्या आणायला निघाली होती. मी तिला अडवलं. "त्या पैशांत डबे आणू."

"आवं वन्सं, म्हसवडची सासरची माणसं नावं ठेवतील की लेकीला!"

मग मी भाचीच्या सासूबाईंनाच स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या,

"लेकरू उपाशी आणि आमी टोप्या घालून मिरवू व्हय? कपाटात गठ्ठा पडलाय तसल्या टोप्यांचा. फुडच्या महिन्याची पावडर आमची. पर मला साडी पायजे हां!"

वहिनीलाही हसू आलं.

पुढची बाटली भाचीने मापात केली. ती पिता पिताच बाळ झोपलं. आता आमच्या घरात आधी दुधाचे पैसे बाजूला निघतील, आहेर त्यानंतर.

तुमच्या घरातली एखादी पोर अशीच गुपचूप पावडर कमी घालत नाही ना? आजच विचारा तिला.